पायजमे घातलेलं बदामाचं झाड

आंब्याला आंबे लागतात, चिंचेला चिंचा लागतात आणि सिडकोतल्या आमच्या घरमालकीणबाईंच्या बदामाला पायजमे लागायचे. देशी बदामाचं चांगलं दुमजली झाड. त्याच्या फांदीफांदीला पायजम्यांचे पाय चढवलेले : पांढरे, निळ्या पट्ट्यांचे, पोपटी, एखादा कुणाच्या तरी लग्नातला केशरी. प्रत्येक पाय वरून आणि खालून नाडीनं आवळलेला. वारा सुटला की सगळे पाय एकदम झाडायला लागायचे. वाटायचं, अख्खी वरात झाडावर चढून बसलीय आणि फक्त कंबरेच्या वरची माणसं यायची राहिलीत. मी खोली बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा रिक्षावाल्यानं ते झाड पाहिलं आणि भाडं न घेताच रिक्षा वळवली. या शहरात असं त्याआधी कधी घडलं नव्हतं, नंतरही घडलेलं नाही.

दार उघडलं ते बाईंनी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, पोस्टमनसुद्धा. त्यांचा आवाज असा, की वॉर्डात त्या 'शांतता!' म्हणाल्या की तिकडं पाणचक्कीचं पाणी थबकायचं. त्यांनी माझं नाव, गाव, जात, नोकरी काहीच विचारलं नाही. माझ्या पॅंटचा पाय चिमटीत धरला.

"टेरिकॉट?"

"हो."

"घरी काय घालतो?"

"पायजमा. सुती."

"मग राहा. कामाला कुठं?"

"वाळूजला, कारखान्यात."

त्यांच्या चिमटीतून पॅंटचा पाय सुटला. का ते मला पुढं कळलं. मग म्हणाल्या, "बरं. सामान आण, वाळूज." त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव वाळूज पडलं.

त्या पायजम्यांत अळ्या होत्या. टसरच्या. टसर म्हणजे रानातलं रेशीम करणारा पतंग. मादीनं पंख पसरले की बायकोनं रागात लाटलेल्या चपातीएवढी दिसते, आणि चारी पंखांवर एकेक गोल, काचेच्या खिडकीसारखं. त्यातून पलीकडचं दिसतं. सिस्टर त्या अंड्यापासून वाढवायच्या. मसुरीच्या डाळीएवढी अंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात, त्यातून निघालेल्या मुंगीएवढ्या अळ्या केसांच्या ब्रशनं उचलून कोवळ्या पानावर, आणि जरा अंग धरलं की फांदीवर, वरून पायजम्याचा पाय. म्हणजे कावळा नको, गांधीलमाशी नको. रोज सकाळी खालची नाडी सोडायची, लेंड्या झटकायच्या, पुन्हा आवळायची. पानं संपली की पाय दुसऱ्या फांदीवर. अळ्या मोठ्या झाल्या म्हणजे पोपटी, बोटाएवढ्या, अंगावर चांदीचे ठिपके. आणि खाण्याचा आवाज असा की माझ्या खोलीत मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. यात मी फार वाढवून सांगत नाहीय.

झाड म्हणजे त्यांचा वॉर्ड होता. खाट नंबर चार, खाट नंबर अकरा. "अकराला जुलाब झालेत, तिकडं जाऊ नको." भेटायची वेळ चार ते सहा. आठवड्यानं कधीतरी नळाला पाणी यायचं तेव्हा सगळी गल्ली हंडे, टाक्या, बादल्या घेऊन धावायची. सिस्टर आधी पाइप बदामाच्या बुंध्याशी सोडायच्या. भाडेकरूंनी तोंडाला साबण लावून वाट बघायची.

पायजमे कुठून यायचे? गल्लीतून. शेजारचे चाचा, म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, घरी दर ईदला नवा पायजमा शिवायचे, तो जुना होण्याआधीच सिस्टरची नजर त्यावर पडलेली असायची. "सिस्टर," चाचा म्हणायचे, "मेरेकू एक बार पैन तो लेने देव. अभी इस्तरी बी नै टूटी."

"पैनके क्या करना चाचा? उमर हुई तुमारी. यांची वाढायची हाय."

माझा एक पायजमा दोरीवरून गेला. शोधतोय, शोधतोय. सापडला तो झाडावर, तिसऱ्या फांदीला. आत पाच-सहा जण माझ्यापेक्षा कितीतरी सुखानं राहत होते.

पण सगळ्यात जाचक नियम पंख्याचा. होळी जळाली की घरातले पंखे बंद. कोश कधी फुटेल याचा नेम नाही, एखादा पतंग खोलीत शिरायचा आणि पात्यात सापडायचा. म्हणून होळी ते दिवाळी आमच्या बटणांवर सिस्टर पांढरी चिकटपट्टी मारायच्या, जखमेवर मारतात तशी, आडवी-उभी. मे महिन्यात माझ्या खोलीत कोंबडीनं अंडं घातलं असतं तर उकडलेलंच घातलं असतं. माझ्या आधीचा भाडेकरू घामानं इतका बारीक झाला की एक दिवस दाराच्या फटीतून निघून गेला, असं चाचा दाढीला हात लावून सांगायचे.

आणि त्याच घरात एका खोलीतला पंखा मात्र बारा महिने चालू. डिसेंबरातसुद्धा. ती वरची खोली दादांची.

दादा म्हणजे सिस्टरचे थोरले भाऊ. खिडकीशी पलंग, त्यावर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. थंडीत अंगाला रग गुंडाळून पंख्याखाली. आंघोळ करायचे, चालायचे, पुढं ताट ठेवलं की जेवायचे. बोलायचे नाहीत. मुके नव्हते. डॉक्टरांनी घसा, कान, डोकं सगळं तपासून सांगितलं होतं, कुठं काही बिघडलेलं नाही.

"सिस्टर," मी एकदा म्हणालो, "आम्हाला पंखाबंदी आणि दादांना थंडीत वारा, हा अन्याय आहे."

"व्हय, हाय," त्या म्हणाल्या, आणि नाडी आवळायला लागल्या.

एका वर्षी त्यांच्याकडं नुसत्या माद्या निघाल्या. नर एकही नाही. मादी संध्याकाळी पंख हलवत बसते आणि नराला वासानं बोलावते. रानात असेल तर कोसावरून येतो. सिडकोत कोण येणार? बोकड आला असता फार तर. मादीला आयुष्यच आठ-दहा दिवसांचं. सिस्टर मला म्हणाल्या, "वाळूज, उद्या सुट्टी टाक. सोयगावला जायचंय. स्थळ बघायला."

सोयगावकडं त्यांचा मामेभाऊ होता, त्याच्या शेताला लागून ऐनाची झाडं, या पतंगाचं रानातलं घर. आम्ही एसटीनं निघालो. सिस्टरच्या मांडीवर जाळीचा डबा, त्यावर ओलं फडकं, खिडकी बंद, आणि मागच्या सीटवरच्या माणसानं बिडी काढली तर त्याला असा एक डोळा दाखवला की त्यानं बिडी तर ठेवलीच, माझ्या अंदाजानं बिडी कायमची सोडलीही.

कंडक्टर आला. "मावशी, डब्यात काय?"

"पोरगी हाय."

"तिकीट?"

"पाच वर्षांच्या आतली हाय."

"बघायला चालल्या का दाखवायला?"

"दाखवायला. तुझ्या बघण्यात हाय का कोणी? निर्व्यसनी पाहिजे."

अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत सगळ्या गाडीला लग्नाची बातमी कळली होती. एका म्हातारीनं डब्यावर हळदीकुंकू वाहिलं. खोटं वाटत असेल तर ती म्हातारी अजून असेल तिकडं, विचारा.

दिवस मावळताना सिस्टरनी मादीच्या पंखाच्या बुंध्याशी टाके घालायचा दोरा बांधला, इतका हलका की मादीला कळलंही नसेल, आणि तिला ऐनाच्या फांदीवर बसवलं. सकाळी उजाडल्यावर जाऊन पाहतो तर शेजारी नर. तांबूस, मिशा पिसासारख्या रुंद, मादीला पाठ लावून गपगार बसलेला. "बोलणी झाली," सिस्टर म्हणाल्या आणि बांधावर बसल्या. मामेभावानं चहा आणला. मी एक-दोन विनोद केले. त्या हसल्या नाहीत.

"याला तोंड नाय, माहीत हाय का तुला?" त्या त्या जोडीकडं बघत म्हणाल्या. "अळी असताना खाल्लं तेवढं खाल्लं. पंख आले की तोंड गेलं. काही खात नाय, पीत नाय. तसंच जगतं, तसंच मरतं. याचं मी समजू शकते. पण दादाला तोंड हाय की रे!"

मग त्यांनी ते सांगितलं. दादा वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर होते. शेजारच्या मशीनवर त्यांचा जोडीदार, रोज एका बसनं जाणारे, एका डब्यात जेवणारे. एका पाळीत त्याचं अंग मशीनमध्ये ओढलं गेलं. दादा ओरडले, बंद कर, बंद कर. प्रेसच्या त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बंद झालं तेव्हा काही उरलं नव्हतं. दादा घरी आले, हातपाय धुतले, पलंगावर बसले. ते तसेच.

"म्हणला असंल, ओरडून उपयोग नाय तर बोलून काय उपयोग," सिस्टर म्हणाल्या.

वर्षं गेली. एकदा याच शेतातून सिस्टरनी बोरं आणली, फांदीसकट. फांदीला सुपारीसारखं काहीतरी टणक लोंबत होतं. काय असेल ते असो म्हणून दादांच्या खिडकीत वाटीत ठेवून दिलं आणि विसरल्या. आषाढात एका संध्याकाळी त्यातून हा पतंग बाहेर. ट्यूबलाइटकडं झेपावला, वर पंखा चालू. आणि दादा पलंगावरून उठून उभे राहिले.

"म्हणला, पंखा बंद कर. मरंल तो." सिस्टरनी कप खाली ठेवला. "इतकंच. मी धावत बंद केला. पतंग वाचला. मी म्हणलं, दादा, अजून बोल. तो बसला परत. झालं."

तेव्हापासून हा सगळा संसार, आणि 'बंद कर' पुन्हा ऐकू येईल म्हणून दादांचा पंखा बारा महिने चालू. अंडी, अळ्या, पायजमे, स्थळं. दर हंगामात एक पतंग, पंख वाळून ताठ झाले की, दिवेलागणीला दादांच्या खोलीत सोडायचा. पंखा चालू. सिस्टरचा हात बटणावर. दादा वर बघायचे. मान पतंगाबरोबर फिरायची. एकदा ओठ हलले, असं त्या सांगायच्या. मग पतंग पात्याजवळ गेला की सिस्टरच बटण दाबायच्या.

"पण सिस्टर, ते बोलत नाहीत तर नाहीत," मी म्हणालो. "सगळं तर ठीक चाललंय."

तेव्हा त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, माझ्या येण्याच्या आधीची. कन्नड गावाला त्या कुणाच्या तरी मातीला गेल्या आणि पुरानं रस्ता बंद होऊन तिथंच अडकल्या. परत आल्या तेव्हा चाचा दादांच्या तोंडात चमच्यानं साखरपाणी घालत होते. टोपलीत भाकरी होत्या. माठ भरलेला होता. कुणी पुढं ठेवलं नाही म्हणून दादांनी घेतलं नाही, आणि कुणाला हाक मारली नाही. चाचा सहज डोकावले म्हणून सापडले.

"मी हाय तंवर ठीक हाय," सिस्टर म्हणाल्या. "मी मेल्यावर त्याला भूक लागली हे कुणाला कळंल? लई नाय मागत मी. भाषण नको. 'दे' म्हणावं. एवढं त्याला आलं पाहिजे माझ्या आधी."

त्या जोडीची अंडी भरपूर झाली. बदामावर पायजमे कमी पडले. चाचांनी लग्नजेवणाचा आहेर म्हणून आपण होऊन दोन नवे आणून दिले, "वलीमे का है, मैं भी बाराती." आणि मग त्या भरल्या वॉर्डात साथ आली. अळ्या खायच्या थांबल्या, मऊ पडल्या, काळ्या होऊन उलट्या लोंबायला लागल्या. सिस्टर रोज एक-एक नाडी सोडायच्या आणि आत बघून पुन्हा आवळायच्या. औषध असतं तर त्यांनी झाडाला सलाइन लावलं असतं. फांद्या कापल्या, नेऊन जाळल्या, पायजमे उकळले. त्याच दिवसांत त्या जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबायला लागल्या. मी विचारलं तर "पायऱ्या मोजतेय," म्हणायच्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची छाती तपासली त्यांना स्वतःच्या छातीत काय चाललंय ते कळत नव्हतं, असं नाही.

वाचला तो एक कोश. एकच. तो उन्हाळाभर दादांच्या खिडकीत होता.

फुटला तेव्हा मादी निघाली. रात्रभर पडद्याला लोंबून तिनं पंख वाळवले. दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून परतलो तेव्हा दिवे लागायला आले होते. सिस्टर दादांच्या दारात उभ्या होत्या.

"वाळूज, इथंच थांब. आत येऊ नको."

ट्यूब लावली. पंखा लावला. नेहमी त्या बारीक ठेवायच्या, मला माहीत होतं. आज पूर्ण होता. मादीला तळहातावर घेऊन त्यांनी दादांच्या गुडघ्यावर ठेवलं. दादांनी खाली पाहिलं. त्यांचा एक अंगठा हलला, तिच्या पंखावरच्या त्या खिडकीजवळ, पण तिला लागला नाही. आणि ती उडाली.

"दादा," सिस्टरचा हात बटणावर होता. "दादा, बघ. तू सांग. तू म्हण, मी बंद करते. इथंच हाय माझा हात."

मादी ट्यूबला धडकली, भिंतीवर गेली, परत आली. दादांची मान तिच्याबरोबर. त्यांच्या हातांनी पलंगाची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

"म्हण ना रे. माझ्या मागं कोण हाय तुला. म्हण."

एक फेरी पात्याच्या अगदी खालून गेली. बटणावरचा हात मी पाहिला. हजारो दंडांत सुई घातलेला तो हात बटणावर नुसता टेकला होता. दाबत मात्र नव्हता. मला वाटलं आता दाबतील. मला वाटलं आता दादा ओरडतील. दादांचं तोंड उघडलं होतं.

आवाज फार झाला नाही. पत्रावळीवर कुणी टिचकी मारावी, तेवढा.

मग बटण दाबलं गेलं. पंखा बराच वेळ फिरत राहून थांबला. दादा उठले, पलंगाच्या पायथ्याशी वाकले आणि जे होतं ते दोन्ही हातांनी उचललं. मग सिस्टरकडं बघितलं. मी त्यांना कुणाकडं बघताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मारलीस," दादा म्हणाले.

आवाज गंजलेला होता, पण शब्द स्वच्छ. खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही तो ऐकू आला.

सिस्टरनी बटणावरून हात काढला. मग वळल्या, माझ्या अंगावरून गेल्या, जिना न थांबता उतरल्या आणि गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. चाचा त्यांच्या ओट्यावर होते.

"चाचा," सिस्टर म्हणाल्या, "दादा बोलला."

"या अल्ला!" चाचा उठले. "सच्ची? क्या बोले?"

सिस्टरनी वर माझ्याकडं बघितलं. मी गॅलरीत होतो. आयुष्यभर मी थापा मारत आलो, थाप ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"चहा मागितला," त्या म्हणाल्या. "म्हणला, चहा दे."

गल्ली लोटली. चाचांनी नानखटाईचा डबा आणला. बायका आल्या, ज्यांनी पाण्यावरून सिस्टरशी भांडणं केली होती त्याही आल्या. "दादा, बोला ना, आमच्याशी बोला." "दादा, काय बोललात, परत म्हणा की." दादा पलंगावर ताठ. हात मांडीवर, एक मूठ मिटलेली. कुणीतरी म्हणालं, सिस्टर, आता तुमची काळजी मिटली. सिस्टर म्हणाल्या, "व्हय. मिटली." मग एकदम त्यांचा वॉर्डातला आवाज आला, "चला, भेटायची वेळ संपली. सगळे बाहेर," आणि गल्ली गुपचूप बाहेर.

त्यांनी खरंच चहा केला. आलं ठेचून घातलं. कप घेऊन आत गेल्या आणि दादांच्या पुढं धरला. दादांनी एका हातानं घेतला. दुसरा हात मिटलेलाच होता. सिस्टर त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या. तो मिटलेला हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट हळूच सोडवू पाहिलं, जसं पेशंटचं सोडवतात. बोटं सुटली नाहीत. मग त्यांनी सोडवायचं सोडलं आणि त्या मुठीखाली नुसता आपला तळहात धरून बसल्या.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. "सावकाश पी."